तोंडात गुळणी

आमच्या धाकटीला आम्ही तळहाताच्या फोडासारखं जपलं. फोडाला कुणी कामाला लावत नाही, तसं तिलाही लावलं नाही.

धाकटी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. चौतिशीची आहे, पण घरात तिच्यानंतर कुणी जन्माला आलं नाही म्हणून धाकटीच राहिली. जन्मतःच तिच्या अंगातल्या काही दोऱ्या घट्ट राहिल्या आणि काही सैल. डावी मूठ मिटलेली असते, चालताना एक पाय दुसऱ्याची वाट अडवतो. डोकं मात्र लख्ख. बोलणं सावकाश. शब्द आतून निघतो, ओठांच्या उंबऱ्याशी येतो, तिथं चपला शोधतो आणि मग बाहेर पडतो. तेवढं थांबायला आमच्या घरात कुणाला सवड नव्हती. तिनं "मला" म्हटलं की पुढचं वाक्य पुरं करायला आम्ही चौघं धावायचो. एकदा तिला पंखा बंद करायला सांगायचं होतं. त्या दुपारी ती तीन पेले पाणी प्यायली, पांघरूण घेऊन बसली, आणि पंखा आणखी जोरात फिरायला लागला.

घरात माणसं मोजकी. माझा भाऊ कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. हाताखाली बरीच माणसं होती. निवृत्त झाला तेव्हा माणसं कचेरीत राहिली आणि सवय घरी आली. भावजय पहाटे उठून सगळ्यांचं सगळं करायची. आपण थकलो हे तिला स्वतःला सांगायलाही फुरसत मिळत नसे. थोरला मुलगा चाळिशीचा, अजून लग्न जमायचं आहे. त्याची माहिती लिहून आम्ही चार ठिकाणी दिली आहे, त्यात 'निर्व्यसनी आणि स्वावलंबी' असं भावानं घातलं आहे. जेवलेलं ताट तो जागचं हलवत नाही, पण तसं लिहिलं तर मुली कशा सांगून येतील? आणि मी, विधवा बहीण. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून भाजी निवडते आणि नको तिथं बोलते.

धाकटीची खुर्चीही तिथंच, दाराच्या चौकटीला लागून. तिकडून स्वयंपाकघर दिसतं आणि इकडून बैठकीची खोली. दिवसभर ती तिथं बसलेली, त्यामुळं घरातली प्रत्येक वस्तू तिच्या डोळ्यांसमोरून जायची.

"धाकटे, माझा चष्मा?" भाऊ विचारायचा. ती हनुवटीनं खिडकीकडं दाखवायची.

"धाकटे, रक्तदाबाची गोळी घेतली का गं मी?" ती नाही म्हणून मान हलवायची. भाऊ घ्यायचा.

"धाकटे, माझा दुसरा मोजा?" थोरला ओरडायचा. ती पलंगाखाली नजर टाकायची.

ह्याला आम्ही तिची करमणूक म्हणायचो. "बिचारीचा वेळ जातो," असं भाऊ पाहुण्यांना सांगायचा.

एके दिवशी अपंगांच्या केंद्रातल्या बाई आमच्याकडं आल्या आणि त्यांनी तिला लॉंड्रीत काम मिळवून दिलं. मोठी लॉंड्री, दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे कपडे तिथं येतात. प्रत्येक कपड्याला नंबरची चिंधी टाचायची असते. धाकटी ती मिटलेली मूठ कापडावर वजनासारखी ठेवते आणि उजव्या हातानं टाचते. कापड तसूभर सरकत नाही. मालक खूश झाला. पण भाऊ तिला सोडायला जायचा तो परत यायचाच नाही. बाकावर बसून तिच्यावर लक्ष ठेवायचा, आणि लक्ष ठेवून उरलेल्या वेळात इस्त्रीवाल्यांना घड्या कशा घालाव्यात ते सांगायचा. आयुष्यात त्यानं रुमालाचीसुद्धा घडी घातलेली नाही.

शेवटी मालक हात जोडून म्हणाला, "काका, मुलीला मी ठेवतो. तुम्ही तेवढे येऊ नका. माझे इस्त्रीवाले सोडून चाललेत."

त्यानंतर भाऊ तिला दाराशी सोडून समोरच्या हॉटेलात बसायला लागला.

मग ती संध्याकाळ आली. आम्ही जेवायला बसलो होतो. धाकटी म्हणाली, "मला... खोली..."

"झाडून हवीय का? सकाळीच झाडली," भावजय म्हणाली.

"नाही. खो..."

"खोकला? तरी मी म्हणत होतो, त्या लॉंड्रीतली वाफ बाधणार," भाऊ म्हणाला.

धाकटीनं जेवण थांबवलं आणि उजव्या हातानं पिशवीतून एक किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. कुणाला काही कळेना. दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या बाई आल्या तेव्हा उलगडा झाला. लॉंड्रीच्या मागच्या गल्लीत केंद्राच्या तळमजल्यावर चार खोल्या आहेत. केंद्रातली माणसं तिथं आपापली राहतात. एक रिकामी झाली होती. धाकटीनं ती बघितली, मागितली, आणि पसंतीची खूण म्हणून किल्ली एका रात्रीपुरती घरी आणली होती. किल्ली परत करताना मी तिचं तोंड बघितलं. लेकराच्या हातातला खाऊ काढून घ्यावा तसं झालं होतं.

"एकटी राहणार?" भाऊ म्हणाला. "पडली तर? गॅस उघडा राहिला तर? कुणी दार वाजवलं तर?"

"ते सगळं शिकायचं असतं," बाई म्हणाल्या. त्या तरुण होत्या, पायात खेळायचे बूट, बोलणं गोड आणि हट्टी. "मी आठवड्यातून दोनदा येईन. ती घरातली कामं शिकेल. मग आमचे वरचे साहेब येऊन बघतील. त्यांना पटलं की खोली तिची."

"आणि आम्हांला नाही पटलं तर?"

बाईंचा चेहरा जरा उतरला. "घरच्यांची संमती लागते. तसा नियम आहे."

म्हणजे चौतीस वर्षांच्या बाईनं मत देऊन सरकार निवडावं, पण खोलीत राहायला बापाचा होकार आणावा. मी हे बोलून दाखवलं. भाऊ म्हणाला, "ताई, तू भाजी निवड."

पहिल्या दिवशी चहा शिकायचा होता. बाई स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. बाकी जागा आम्ही व्यापली.

धाकटीनं भांड्याला हात घातला. "ते नको, जड आहे," म्हणून भावजयीनं दुसरं दिलं. धाकटी नळाकडं वळेपर्यंत थोरल्यानं पाणी भरलं, तेही मापापेक्षा जास्त, कारण त्याला माप ठाऊक नव्हतं. गॅस भावजयीनं पेटवला. साखर भावानं घातली. डबा कुठं आहे ते अर्थात धाकटीनं हनुवटीनं दाखवलं. चहा उतू जायला लागला तेव्हा मी फडक्यानं भांडं उतरवलं. तेवढ्यात धाकटीनं गाळणीकडं हात नेला होता, पण गाळणी भावजयीच्या हातात होती.

बाईंनी चहा प्यायला. "छान झालाय," त्या म्हणाल्या. "कुणी केला?"

"धाकटीनं," आम्ही चौघं एका सुरात म्हणालो. खोटं बोलत होतो असं नाही. आम्हांला खरंच तसं वाटत होतं.

धाकटी आमच्याकडं बघत होती. तिला राग आला की तिची मिटलेली मूठ आणखी मिटते.

बाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही सगळे फार प्रेमळ आहात," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टर रोगाचं नाव सांगतो त्या सुरात म्हणाल्या. "पुढच्या खेपेला प्रत्येकानं एकेक पेला पाणी घेऊन बसायचं."

"तहान लागेल म्हणून?" थोरल्यानं विचारलं.

"ती काम करायला लागली की एक घोट तोंडात घ्यायचा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. काम संपेपर्यंत तसाच ठेवायचा. आणि हातांवर बसायचं."

"म्हणजे तोंडात गुळणी धरून बसायचं," मी म्हणाले. आपल्याकडं गप्प राहणाऱ्याला असं म्हणतात, पण कुणी खरोखर गुळणी धरायला सांगेल असं वाटलं नव्हतं.

"कचेरीत मी भाषणं केली आहेत," भाऊ म्हणाला. "मला गप्प बसायला पाणी लागत नाही."

"मग तुम्हांला सोपंच जाईल," बाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला आम्ही चौघं स्वयंपाकघरात ओळीनं बसलो, गाल फुगवलेले, हात मांडीखाली. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, घरात एकदम सगळ्यांच्या दाढा सुजल्या.

धाकटीनं डबा घेतला. झाकण घट्ट होतं. तिनं डबा मुठीनं छातीशी दाबला आणि उजव्या हातानं झाकण ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. भाऊ जागच्या जागी उठबशा काढल्यासारखा हलत होता. झाकण तिसऱ्या खेपेलाही निघेना तसा त्याच्या घशातून घटकन आवाज आला.

"असं फिरव," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं बघितलं.

"चुकून गिळलं गेलं," भाऊ म्हणाला. बाईंनी त्याचा पेला भरला.

त्या दिवशी भावानं इतकं पाणी चुकून गिळलं की रात्रीचं जेवण त्याला जाईना. थोरल्याला मधेच हसू फुटलं आणि त्याची गुळणी समोरच्या भिंतीवर उडाली. ती त्यानं स्वतः पुसावी असं बाईंनी सुचवलं. फडकं कुठं असतं हे त्यानं धाकटीला विचारलं. माझं म्हणाल तर मला दात थोडे, त्यामुळं पाणी आपोआप बाहेर पडायचं आणि माझा पदर भिजायचा. भावजयीनं मात्र एकदाही गिळलं नाही. तिनं हात मांडीखाली गच्च दाबून ठेवले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी धरून ठेवायला बाईंनी सांगितलं नव्हतं.

धाकटीनं शेवटी डबा दाराच्या फटीत अडकवला, दार पाठीनं दाबून धरलं आणि झाकण उघडलं. ही युक्ती आमच्यापैकी कुणाला सात जन्मांत सुचली नसती. थोडी साखर सांडली, एक बोट भाजलं, ते तिनं नळाखाली धरलं. दूध उतू गेलं. चहा झाला तोवर ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. पण झाला.

तिनं कप आमच्यासमोर ठेवले, अर्धे अर्धे भरलेले, कारण भरलेला कप तिच्या चालीनं पोचत नाही. आणि मग ती बोलायला लागली. आम्हां सगळ्यांची तोंडं भरलेली होती, त्यामुळं तिचा शब्द उंबऱ्याशी आला, चपला शोधल्या, आणि कुणी धक्का न मारता बाहेर आला.

"मला... चहात... साखर... आवडत नाही."

भावजयीनं तेव्हा पहिल्यांदा पाणी गिळलं. इतकी वर्षं ती त्या पोरीला दोन चमचे साखर घालून देत होती, आणि वर लाडानं अर्धा.

"मग सांगायचं नाही का गं?" ती म्हणाली.

धाकटी हसली. बाकी कुणी हसलं नाही.

तेव्हापासून घर बदललं. बाई नसतानाही धाकटी कामाला लागली की कुणी ना कुणी पेला भरायचं. भांडी, कपडे वाळत घालणं, कुलूप लावून दोनदा ओढून बघणं, अनोळखी माणसाशी दाराच्या साखळीमागून बोलणं. सगळं तिच्या चालीनं व्हायचं, म्हणजे आमच्या जिवाची काहिली होईल अशा चालीनं. आणि त्या शांततेत ती हळूहळू किती काय काय बोलली. थोरल्याला म्हणाली, तुझ्या मोज्यांना वास येतो. मला म्हणाली, आत्या, तू तीच गोष्ट प्रत्येक वेळी नवी म्हणून सांगतेस. भावाला म्हणाली, बाबा, हॉटेलात बसू नका, मला खिडकीतून दिसता. भावाच्या तोंडात पाणी होतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो हॉटेलाच्या आतल्या टेबलावर बसायला लागला.

साहेबांनी येण्याची तारीख कळवली तशी भावाची भूक गेली. "शिकू दे की," तो मला म्हणाला. "शिकणं वाईट नाही. पण शिकली म्हणून जायलाच पाहिजे असं कुठाय? मी पोहायला शिकलो म्हणून नदीत राहायला गेलो का?"

"तू पोहायला कधी शिकलास?" मी विचारलं.

"उदाहरण दिलं मी, ताई."

साहेब आले ते गाडीतून. दार ड्रायव्हरनं उघडलं. मागून एक मदतनीस उतरला, त्याच्या एका हातात साहेबांची बॅग, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि खिशात साहेबांचा चष्मा. साहेब स्वावलंबनाच्या खात्यात फार वरच्या जागेवर आहेत असं बाईंनी सांगितलं होतं. ते खुर्चीत बसले आणि मान न वळवता हात बाजूला केला. हातात चष्मा आला.

"स्वावलंबन," साहेब म्हणाले, "म्हणजे स्वतःचं स्वतः. ह्या विषयावर मी परदेशात बोललो आहे. कुठं बोललो मी?"

मदतनिसानं शहराचं नाव सांगितलं.

"हां. तर सुरू करा."

आम्ही चौघांनी आपापला घोट घेतला आणि ओळीत बसलो. साहेब आमच्याकडं बघतच राहिले. "ह्यांनाही काही आहे का?" त्यांनी बाईंना हळूच विचारलं.

"त्यांचं पण शिक्षण चालू आहे," बाई म्हणाल्या.

धाकटीनं गॅस पेटवला, पाणी ठेवलं. मग तिनं साखरेचा डबा छातीशी धरला. तिला साखर नको होती, पण साहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी "दोन चमचे" म्हटलं होतं. झाकण नेहमीसारखं घट्ट. ती दाराकडं निघाली. एक पाय, मग दुसरा पाय. साहेब खुर्चीत पुढं सरकले. मग मागं टेकले. मग पुन्हा पुढं. त्यांची बोटं वळवळायला लागली. मला ते सगळं ओळखीचं वाटलं.

"अहो, तसं नाही, आणा इकडं," म्हणत साहेब उठले आणि त्यांनी डबा तिच्या हातातून घेतला. त्यांनी झाकण ओढलं. निघेना. त्यांनी जोर केला. झाकण निघालं आणि साखर साहेबांच्या बुटांवर, मदतनिसाच्या पायांवर, आणि अर्ध्या स्वयंपाकघरात पसरली.

आम्हांला बोलताच येत नव्हतं. थोरल्याचे गाल फुटायच्या बेतात आले होते, पण त्यानं धरलं. तो त्याच्या आयुष्यातला मोठा विजय होता.

बाईंनी एक पेला पाणी भरला आणि नम्रपणे साहेबांपुढं केला. "तोंडात धरा, साहेब. गिळू नका."

साहेबांनी आमच्या रांगेकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, घोट घेऊन गुपचूप खुर्चीत बसले. परदेशात ह्या विषयावर बोललेला माणूस, गाल फुगवून आमच्याबरोबर.

धाकटीनं साखर झाडून काढली. मग डब्याच्या तळाशी उरलेली दोन चमचे साखर घालून चहा केला. साहेबांना अर्धा कप नेऊन दिला. दार लावून दाखवलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं. बाईंनी विचारलेल्या प्रश्नांना तिच्या तिच्या वेळात उत्तरं दिली. साहेबांना मधे बोलता आलं नाही, त्यामुळं सगळी उत्तरं पुरी झाली.

साहेबांनी पाणी गिळलं आणि चहा प्यायला. "उत्तम," ते म्हणाले. "माझ्याकडून पास. घरच्यांची संमती?"

सगळे भावाकडं वळले.

भावाच्या तोंडात गुळणी होती. काम संपलं होतं, आता गिळायला हरकत नव्हती. भावजयीनं गिळलं, थोरल्यानं गिळलं, माझं तर केव्हाच पदरात गेलं होतं. पण भाऊ गिळेना. जो माणूस रोज चुकून गिळायचा तो आज समोर बघत, गाल फुगवून, दगडासारखा बसला. मला कळलं. जोवर तोंडात पाणी आहे तोवर हो म्हणायला नको आणि नाहीही म्हणायला नको.

साहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणजे मदतनिसाचं. "बोला," ते म्हणाले.

भावानं गाल आणखी फुगवले. धाकटी त्याच्यासमोर उभी होती, एक हात दाराच्या चौकटीवर. तिची मूठ घट्ट झाली होती. त्या मुठीत किल्ली नव्हती, पण असल्यासारखी तिनं मूठ धरली होती. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो संध्याकाळपर्यंत तसा बसला असता.

"साहेब," धाकटी म्हणाली.

साहेबांचं तोंड उघडलं, बाईंनी पेल्याकडं बोट केलं, साहेबांचं तोंड मिटलं.

"बाबा... गप्प आहेत." ती थांबली. आम्ही सगळे थांबलो. "मौन... म्हणजे... संमती."

ही म्हण भाऊच घरात वापरायचा. भावजय काही बोलली नाही की म्हणायचा.

साहेबांना ते फार पटलं. त्यांनी मदतनिसाला खूण केली, आणि मदतनिसानं लिहूनसुद्धा टाकलं. तेव्हा कुठं भावानं घाईघाईनं गिळायला घेतलं. पाणी भलत्याच वाटेनं गेलं. ठसका लागला. थोरल्यानं पाठ चोळली, भावजयीनं डोक्यावर थापटलं, आणि डोळे लाल, नाक लाल अशा अवस्थेत भावाच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं.

"मग माझा चष्मा मला कोण शोधून देणार?"

पडली तर, गॅस राहिला तर, कुणी दार वाजवलं तर, ह्यातलं काही नाही. साहेबांनी पाय मागं घेतला, तशी झाडताना राहून गेलेली साखर बुटाखाली चुरचुरली.

साहेब उठले. "त्यासाठी आमच्याकडं योजना नाही," ते म्हणाले, आणि चष्मा काढून हात बाजूला केला. मदतनिसानं तो घेतला.

धाकटी गेली. सामान थोडं होतं. भावजयीनं बांधायला घेतलं, मग आठवण होऊन पेला भरून बाजूला बसली. खुर्ची दाराच्या चौकटीशी तशीच राहिली. पहिले काही दिवस आम्ही त्या रिकाम्या खुर्चीलाच विचारायचो. भाऊ दारात उभा राहून "धाकटे, माझा..." एवढं म्हणायचा आणि तिथंच थांबायचा. वाक्य पुरं करायला कुणी धावत नसे. रक्तदाबाची गोळी त्यानं एकदा दोनदा घेतली आणि एकदा घेतलीच नाही. थोरला दोन रंगांचे मोजे घालून मुलगी बघायला गेला. मुलीनं ते बघून नकार दिला, की त्याला बघून, ते अजून समजलेलं नाही.

मग फोन सुरू झाले. लॉंड्रीत फोन, खोलीवर फोन. फोनवर हनुवटी दिसत नाही, त्यामुळं धाकटीला शब्दांनी सांगावं लागायचं. ती सांगायची. फळीवर. मागं. डावीकडं. तिचं बोलणं त्यामुळं सुधारलं असं थोरला म्हणतो, आणि त्याचं श्रेय घेतो.

परवा मी तिच्या खोलीवर गेले. दार वाजवलं तर साखळीमागून विचारपूस झाली, आत्या असून. खोली लहानशी, पलंग, एक टेबल, खिडकीत लॉंड्रीची वाफ. सगळे डबे सैल झाकणांचे, ते तिनं इथं आल्यावरच्या पहिल्या पगारातून घेतले. तिनं मला अर्धा कप चहा दिला. मीही आता अर्धाच घेते, बशीत सांडत नाही. साखरेचा चमचा तिनं माझ्यापुढं ठेवला, घालायची तर घाल म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. भाऊ होता.

"धाकटे, तुझी आई फिरायला गेलीय." भावजय हल्ली रोज फिरायला जाते. कुठं जाते ते सांगत नाही, आणि कुणी विचारलं तर गुळणी धरल्यासारखी बघते. "मला चहा करायचाय. साखरेचा डबा कुठाय?"

धाकटीनं तोंड उघडलं. मग मिटलं. तिनं टेबलावरचा पेला उचलला, एक घोट तोंडात घेतला आणि गाल फुगवून फोनकडं बघत बसली.

"हॅलो," भाऊ म्हणाला. "ऐकू येतंय का? धाकटे?"

ती बसून राहिली. फोनमधून दारं उघडल्याचे आवाज आले. एक झाकण पडलं. भाऊ स्वतःशी काहीतरी पुटपुटला, मिठाला उद्देशून असावं. आणखी एक दार. मग बराच वेळ काही नाही. धाकटीचे डोळे हसत होते, पण गालांतून थेंबही सुटला नाही. शेवटी ती भावजयीची लेक.

"सापडला," भाऊ म्हणाला. आवाजात इतकं नवल होतं की जणू डबा त्यानं घडवला. "झाकण फार घट्ट आहे गं."

मग धाप लागल्याचा आवाज, आणि मग दार. कुठल्या तरी दाराच्या फटीत त्यानं डबा अडकवला असावा, कारण दाराचं ते करकरणं मी ओळखते.

"निघालं," तो म्हणाला. "आता पुढं काय करू?"

धाकटीनं पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. पुढं काय करायचं ते मला माहीत होतं, आणि माझं तोंड रिकामं होतं.